उत्तर फक्त जेवणाबद्दल

"नखं," दाभाडे सर म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी हात पुढे केले. कॉलेज हॉटेल मॅनेजमेंटचं, वर्ष शेवटचं, घोडामैदान अर्ध्या तासावर आलेलं, तरी दाभाडे सरांना नखं बघितल्याशिवाय चैन पडत नसे. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंच नाही.

"शिवलीला, वडील आले का?"

"आलेत सर. बाहेर बाकावर बसलेत."

"छान. तुझ्याच टेबलावर बसतील ते."

सर्व्हिसच्या शेवटच्या परीक्षेला पालकांना जेवायला बोलवायची आमच्या कॉलेजची रीत जुनी होती. पण दरवर्षी आपले पालक दुसऱ्याच्या टेबलावर असत. त्यातल्या एका टेबलावर बाहेरून आलेला परीक्षकही पालकांसारखाच जेवायला बसे.

"यंदा मी मुद्दाम बदल केलाय," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "परक्याला वाढताना कुणीही नियम पाळतो. घरच्या माणसाला वाढताना काय ते कळतं. नीट ऐका. खुर्चीत बसला तो पाहुणा. मग तो तुमचा बाप असो नाहीतर राष्ट्रपती. त्याला 'सर' म्हणायचं. त्याच्या घरगुती बोलण्यात पडायचं नाही. त्यानं तुम्हाला ओढलं तरी पडायचं नाही. उत्तर फक्त जेवणाबद्दल. जास्तीचं एक वाक्य बोललात की दहा मार्क गेले."

"सर, माझे अब्बा सगळ्यांसमोर म्हणणार, केस नीट बांध," निलोफर म्हणाली.

"मग तू म्हणायचं, सर, सूप गरम आहे."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. निलोफर मुल्ला माझी खोलीतली सोबतीण. तिला मनातलं मनात ठेवता येत नसे आणि मला मनातलं बाहेर काढता येत नसे. त्यामुळे तीन वर्षं आमचं उत्तम जमलं.

त्या दहा मार्कांची मला एवढी धास्ती का होती, ते सांगते. आमची वळसंगजवळ, अक्कलकोटच्या रस्त्यावर खानावळ. कडक भाकरी, शेंगाचटणी, पेंडपाला. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारात थांबतातच. मी अप्पांची एकुलती एक. बारावीनंतर मी हॉटेल मॅनेजमेंटला जाते म्हटल्यावर अप्पांना आकाश ठेंगणं झालं. पोरगी शिकून येणार आणि खानावळीचं हॉटेल करणार, असं ते धरूनच चालले. मी कुठे तसं म्हटलं होतं? मला त्या रस्त्यावरून निघून जायचं होतं. लहानपणापासून मी दुसऱ्यांच्या गाड्या थांबताना आणि निघून जाताना बघत आले होते. त्यातल्या एकीत बसून मला खूप लांब जायचं होतं, एवढंच.

पहिल्या वर्षी दाभाडे सरांनी प्रत्येकाला उभं करून ध्येय विचारलं होतं. ध्येय पक्कं असलं की मार्क आपोआप येतात, हा त्यांचा लाडका सिद्धांत. निलोफर म्हणाली, "गल्फमधलं मोठं हॉटेल, सर, आणि तिथं मी मॅनेजर." माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला घरी परत जायचं नाहीये."

वर्ग खो-खो हसला. सर नाही हसले. "हे ध्येय नव्हे, हे पळणं झालं," ते म्हणाले. "पण असू दे. पळणारासुद्धा पहिला येतो."

आणि झालंही तसंच. ध्येय असणारी निलोफर हिशेबाच्या विषयात दर वर्षी गटांगळ्या खात राहिली आणि नुसती पळणारी मी वर्गात पहिली येत गेले. सरांना कोडं पडलं असेल, मला पडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी कसंबसं धैर्य करून अप्पांना म्हटलं होतं, "अप्पा, बाहेरदेशी नोकरी मिळाली तर?" अप्पा शेंगा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "शेवटच्या वर्षाला पहिली ये आधी. मग बघू."

मग बघू. एवढ्या दोन शब्दांवर मी दीड वर्ष रात्रीचा दिवस केला. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द असतो, हे अख्ख्या वळसंगला माहीत होतं. अडचण एवढीच, की तो अर्धाच शब्द होता.

त्या दिवशी सगळं एकाच ताटात आलं होतं. वर्गातल्या दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या मी थोडीशीच पुढे होते. दहा मार्क गेले की पहिला नंबर गेलाच. आणि बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले डिमेलो साहेब मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलसाठी माणसं निवडायलाही आले होते. आमच्या कॉलेजातून त्यांना एक मुलगी हवी होती. सकाळीच मुलाखती झाल्या. साहेब मूळचे वसईचे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. माझी मुलाखत संपताना ते म्हणाले, "माझ्याकडून तुमचं नक्की धरा. फक्त मुलींच्या बाबतीत आम्ही घरच्यांशी बोलतो. वडील आलेत ना? जेवताना गाठ पडेलच."

मला वाटलं, देव पावला. पहिला नंबर माझा, नोकरी माझी, आणि विचारणारा साहेबच. अप्पांना 'बघू' म्हणायला जागाच उरणार नव्हती.

साडेबाराला दारं उघडली. अप्पा आले. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला विभूती, आणि पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. गालिचा बघितल्यावर त्यांना चपला घालून आत येववेना. मी खुर्ची मागे ओढली.

"नमस्कार सर. बसा."

अप्पांनी मागे वळून बघितलं. आपल्या मागे कुणी साहेब उभा आहे की काय, असं त्यांना वाटलं. मग माझ्याकडे पाहून ते एवढं मोठं हसले, की मला तिथेच त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी नॅपकिन उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला. समोरच्या खुर्चीत डिमेलो साहेब येऊन बसले.

सूप झालं. अप्पांनी ते वाटीला तोंड लावून प्यायलं आणि साहेबांनी, मोठ्या मनाचा माणूस, स्वतःचा चमचा खाली ठेवून तसंच प्यायलं. मी उजवीकडून वाट्या उचलल्या. सर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते.

"मुलीचं काम बघताय ना?" साहेबांनी विचारलं.

"बघायलोय की. आवाज म्हणून न्हाई भांड्याचा. आमच्या खानावळीत एक ताट ठेवलं तर वेशीपर्यंत ऐकू जातंय."

साहेब हसले. मी पुलावाची थाळी डाव्या हातावर घेतली, उजव्या हातात चमचा आणि काटा चिमट्यासारखा धरला आणि साहेबांच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

"सकाळी मी बोललो तिच्याशी," साहेब म्हणाले. "आम्हाला ती मस्कतला हवी आहे. राहणं, जेवण, सगळी व्यवस्था हॉटेलची. मुलींची राहायची इमारत वेगळी, चोवीस तास पहारा. तुमची हरकत नसेल तर आजच नक्की करून टाकू. काय म्हणता? सोडणार का मुलीला?"

माझ्या चमच्यातला पुलाव साहेबांच्या ताटात पडला. एक दाणा बाहेर गेला नाही. ते कसं जमलं, अजून मला कळलेलं नाही.

अप्पांनी मांडीवरचा नॅपकिन सारखा केला. मग मोठ्यानं बोलू लागले. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्यानं.

"त्याचं असं हाय साहेब. खानावळीच्या वर आम्ही लॉज बांधायलोय. खोल्या निघाल्यात, गिलावा व्हायचाय. दर्शनाला येणाऱ्या माणसाला रातच्याला टेकायला जागा न्हाई तिथं. लॉजला नाव बी तिचंच देणार. आता पोरगी पहिली येणार म्हणत्यात सगळे. मग पहिली आलेली पोरगी दुसऱ्याच्या हॉटेलात कशापायी राबावी? शेवटची आली असती तर म्हटलं असतं, जा बाई, कुठंतरी चिकट. आपलं घरचं असताना?"

मी अप्पांच्या डाव्या बाजूला आले. थाळी त्यांच्या ताटाच्या काठापाशी नेली. माझा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब होता.

म्हणजे शेवटची आले असते तर गेले असते! दीड वर्ष मी ज्या शिडीच्या पायऱ्या चढत होते, ती शिडी लॉजच्या गच्चीला टेकलेली होती. मला ओरडावंसं वाटलं. अप्पा, मग बघू म्हणाला होतात! हे बघणं आहे का? पण कोपऱ्यात दाभाडे सर होते. समोर मार्क देणारा माणूस पुलाव खात होता. बोलले तर नंबर जाणार, आणि नंबर गेला की अप्पांपुढे तोंड उघडायचा माझा हक्कच जाणार. न बोलले तर मस्कत जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि तोही पाठ ताठ ठेवून, चेहऱ्यावर हसू ठेवून खायचा होता.

"मुलीच्या मनात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"तिलाच विचारू की," अप्पा म्हणाले. खुर्चीतल्या खुर्चीत वळले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "काय गं लीला? येणार न्हवं घरी? का जायचंय तुला?"

शेजारच्या टेबलापाशी निलोफर होती. तिनं हातातला पाण्याचा जग खाली ठेवला आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. बोल, बोल, म्हणत होते तिचे डोळे. दाभाडे सरांनी हाताची घडी सोडली.

"सर," मी म्हटलं, "आणखी थोडा पुलाव वाढू?"

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली, पुलावाला म्हणून की कशाला, कुणास ठाऊक. मी वाढलं.

"बघा साहेब," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "काय बोलायचं उरलं?"

डिमेलो साहेब माझ्याकडे पाहून कौतुकानं हसले.

ठरवलं होतं, फिरनी वाढून झाली, टेबल आवरलं, की पहिलं अप्पांना गाठायचं आणि सगळं सांगायचं. परीक्षा संपली की अप्पा परत अप्पाच होते. शेवटचा ट्रे आत ठेवला, एप्रन काढला आणि मी पळत बाहेर आले. व्हरांड्यात निलोफर आडवी आली आणि मला इतकं घट्ट मिठीत धरलं, की माझा श्वास कोंडला. ती रडत होती.

"मला घेतलं! मस्कतला मला घेतलं शिवे! साहेब म्हणाले, शिवलीलाला घरी जायचंय, मग तू. हिशेबाचा विषय सोडवून ये, म्हणाले, जागा ठेवतो. अगं, मी तर नमाजात तुझ्यासाठी दुआ मागेन आता. अब्बांना अजून सांगितलं नाही. त्यांची ती दुकानातली मशीन आता तरी सुटेल."

तिचे अब्बा शिंपी होते. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, तरी शाळेचे गणवेश शिवत बसायचे. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. समोर अप्पा आणि साहेब हातात हात घेऊन बोलत होते. दाभाडे सर माझ्याजवळ आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पूर्ण मार्क दिलेत तुला त्यांनी. पूर्ण! वडिलांनी इतकं ओढून बघितलं, पण पोरगी हलली नाही. शिवलीला, पहिली आलीस तू."

अप्पांनी ते ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांसमोर, मला बिलगून रडणाऱ्या निलोफरला बाजूला सारून काय बोलायचं होतं? एकीच्या तोंडचा घास काढून आणि दुसऱ्याचं लॉज मोडून? मी म्हटलं, "अप्पा, चपला घाला, पाय भाजतील."

वळसंगला जाताना बसमध्ये अप्पांनी एकच गोष्ट काढली. "लॉजच्या खाली तुझा बसायचा टेबल कुठं ठेवावा म्हणतीस? दारात का जिन्यापाशी?" मी म्हटलं, "जिन्यापाशी." मग ते झोपले.

लॉज झालं. नाव माझंच आहे, लाल अक्षरांत. चालतं उत्तम. चादरीची घडी माझ्यासारखी सोलापूर जिल्ह्यात कुणाला घालता येत नाही, असं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार? माझं लग्नही इथेच जमलं. नवरा सालस, सिमेंटच्या दुकानात असतो. गाड्या येतात, थांबतात, जातात. जिन्यापाशी बसून मला सगळ्या दिसतात. तक्रार करावी असं कुणी काही केलेलं नाही, आणि तेच फार वाईट असतं. भांडायला कुणीतरी समोर लागतं. माझ्यासमोर अप्पा होते, आणि अप्पा तर माझ्यासाठी विटा मोजत होते. मनातल्या मनात मात्र मी त्यांना रोज विचारायचे, सगळ्यांसमोर मला कशाला बांधून टाकलंत?

गेल्या वर्षी श्रावणात निलोफर आली. मस्कतला ती आता खरोखरच मॅनेजर आहे. हिशेबाचा विषय कसा सुटला ते तिलाही माहीत नाही. नवऱ्याला सोलापुरात पाहुण्यांकडे सोडून ती मुद्दाम गाडी करून आमच्याकडे आली. दुपारची गर्दी सरल्यावर अप्पा आणि ती पंगतीला बसावं तसं शेजारी जेवायला बसले. मी वाढत होते.

"अप्पा, एक विचारू?" निलोफरनं भाकरी मोडत विचारलं. वयानं तिची जीभ काही आखूड झाली नव्हती. "हिला का नाही सोडलंत तुम्ही तेव्हा? माझं भलं झालं, पण ही तर पहिली होती."

"मी कुठं धरलो होतो?" अप्पा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मी विचारलो की तिला. तुम्ही सगळे होताव की तिथं."

"असं विचारतात होय? आधी लॉजची एवढी मोठी गोष्ट सांगून?"

"मुद्दाम सांगितलो. मोठ्यानं सांगितलो. हिला लहानपणापासनं बघतोय, घरात विचारलं तर काय बी सांगणार न्हाई. आई बघंल, शेजारी ऐकतील, अप्पाला वाईट वाटंल. म्हटलं, साहेबासमोर डिवचू. चिडली म्हणजे बोलंल. परमुलखात एकटी राहणार, तिथं आपलं आपल्याला बोलता येतंय का न्हाई, ते तरी कळंल. मग सरळच विचारलो, जायचंय का. तर म्हणती, पुलाव वाढू?" अप्पा हसले. मग हसायचे थांबले. "मी समजलो, हिला घरीच यायचंय. खानावळीत जो ताटावर हात आडवा धरत न्हाई, त्याला आपण वाढतावच की."

माझ्या हातात पेंडपाल्याचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"अप्पा, परीक्षा चालू होती," मी म्हटलं. "नियम होता. पाहुण्यांच्या घरगुती बोलण्यात पडायचं नाही. उत्तर फक्त जेवणाबद्दल द्यायचं. बोलले असते तर दहा मार्क गेले असते. पहिला नंबर गेला असता. तुम्हीच म्हणाला होतात, पहिली ये, मग बघू."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"पाहुणा?" ते म्हणाले. "मी पाहुणा होतो व्हय गं तिथं?"

निलोफरनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मला विचारायचंच होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

"आणि मी तेव्हा म्हटलं असतं, की मला जायचंय, तर?"

"तर गेली असतीस."

"आणि लॉज?"

"भाड्यानं दिलं असतं की," अप्पा म्हणाले. "त्यात काय."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की त्यात खोटं काही असणंच शक्य नव्हतं. मी आत स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. तव्यावरची भाकरी करपत होती, ती तशीच करपू दिली. बाहेरून अप्पांचा आवाज येत होता. ते निलोफरला पुन्हा पुन्हा विचारत होते, "माझं चुकलं का गं काही? माझं काय चुकलं सांग की." आणि निलोफर म्हणत होती, "अप्पा, आधी जेवून घ्या."